होडी काठावर

नवी डोहवाडी, ता. दौंड
१२ डिसेंबर १९९९

प्रिय राहेल,

जय भीम. आले गं बाई, आले! मंगळवारी सकाळी अंगणवाडी उघडायला निघाले, तर धरणाच्या पाण्यात लांबवर गुलाबी पट्टा दिसला. आधी वाटलं, कुणी लुगडं वाळत घातलंय. मग पट्टा हलला. रोहित पक्षी! आत्ताच शंभरेक असतील, संक्रांतीपर्यंत पाणी झाकून टाकतील.

आमच्या वाडीतले होडीवाले हौसराव हल्ली मासे कमी आणि पुण्याची माणसं जास्त धरतात. कॅमेरे गळ्यात अडकवून लोक येतात, हौसराव त्यांना होडीतून थेट पक्ष्यांपर्यंत नेतात. जवळ गेलं की कसं वाटतं सांगू? वल्ही थांबतात. पाणी जेमतेम गुडघाभर. ते एका पायावर उभे असतात, मान पाण्यात उलटी घालून चरत असतात. कुठं आवाज म्हणून नाही. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. त्यांच्या सावल्या पाण्यात गुलाबी पडतात आणि होडी त्या सावल्यांवरून हळूच पुढं जाते. इतकं छान काही आपल्या वाट्याला येतं, यावर विश्वास बसत नाही.

सोळा वर्षं झाली मला इथं नांदायला येऊन. दर हिवाळ्यात तुला हेच पत्र लिहिते आणि दर हिवाळ्यात तू नवं कारण पाठवतेस. आमच्या सासूबाई, सारजाआत्या, काल मला म्हणाल्या, "ती तुजी येशूची मैतरीण कवा येनार हाय? का निस्ती पत्रंच धाडती?" त्यांना काय सांगू?

यंदा ये. शिरूर ते इथं असं किती लांब आहे? न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दौंड, की आलीसच.

तुझी वाट बघणारी,
करुणा


शिरूर
२१ डिसेंबर १९९९

करू,

सलाम, आणि नाताळच्या आगाऊ शुभेच्छा. करंज्या पाठवत नाही, मागच्या वर्षी तुला चुरा पोचला होता.

तुझं पत्र बूथवरच मिळालं. एस.टी. स्टँडसमोर पीसीओ चालवणाऱ्या बाईला पत्रं कसली येतात, याचं पोस्टमनला फार नवल. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी कानावर पडून मला फोनचा वीट आलाय, हे त्याला कोण सांगणार? आणि तुमच्या वाडीत फोन आहेच कुठं?

मी येत का नाही, हे तू सोळा वर्षं विचारतेस आणि मी सोळा वर्षं थापा मारते. भावाची, पॉलची, रांजणगावची शिफ्ट, चर्चमधलं काम, पाय दुखतो. दीड वर्षाची असताना दोन्ही पाय पोलिओत गेले, ते आता नव्यानं काय दुखणार! आज खरं सांगते.

आठवीची सहल आठवते? टाकळी हाजीला, कुकडी नदीतली कुंडं बघायला. बाईंनी मला गाडीतच खिडकीशी बसवलं आणि हातात पेरू दिला. "तू बस हं, आम्ही येऊन सगळं सांगू." तू जाताना वळून मला हात केलास. दोन तास मी ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसले. तो गाढ झोपला होता. मग तुम्ही सगळ्याजणी आलात आणि एकदम सांगायला लागलात, आणि मी "हो का, हो का" म्हणत राहिले. तेव्हापासून नदी काय, डोंगर काय, सगळं मी लोकांच्या तोंडूनच बघत आले. तुझे रोहितसुद्धा.

आणि जिथं गेले तिथं मला उचलून नेलं. मागच्या वर्षी नगरच्या लग्नात मावसभावानं विचारायच्या आतच मला उचललं आणि स्टेजवर नेऊन ठेवलं. साडी गुडघ्यापर्यंत वर, पायांना बांधलेल्या कॅलिपरचे पट्टे उघडे, आणि तो फोटो अल्बममध्ये चिकटवलाय. मी पस्तीस वर्षांची बाई आहे, करू. माझ्या बूथवर माझं नाव लिहिलंय. तरी उचलायची वेळ आली की मी कुणाचंही गाठोडं होते.

मला यायचंय. फार यायचंय. तुझी पत्रं वाचून होतात तेव्हा बूथच्या काचेतून समोर एस.टी. लागलेली असते आणि मला वाटतं, आत्ता उठावं. पण पाण्यापर्यंत आणि होडीत मी माझी जाईन. पाठुंगळी नाही, खांद्यावर नाही, खुर्चीसकट नाही. कुणी हात लावायचा नाही. हे जमणार असेल तर कळव. जमणार नसेल तर पुढच्या डिसेंबरात पुन्हा तसंच पत्र लिही, मी वाचीन.

राहेल


नवी डोहवाडी
१४ जानेवारी २०००

प्रिय राहेल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पेरूपाशी दर वेळी थांबले. मी त्या दिवशी गाडीत तुझ्याजवळ बसायला हवं होतं. बावीस वर्षांनी म्हणतेय, तरी म्हणते.

आता माझा पराक्रम ऐक. पदर खोचून ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, पुण्याची माणसं पाण्यापर्यंत जातात, मग ज्याला चालता येत नाही त्यानं काय पाप केलंय? पाण्यापर्यंत सिमेंटचा उतार करा, चाकाची खुर्ची जाईल असा. ग्रामसेवक म्हणाले, अपंगांसाठीचा निधी पडून आहे, पण गावात अपंग कुणी नाही म्हणून वापरलाच नाही. आता हौसरावांची आई, धुरपदाबाई, बसूनच सरकत सरकत घरभर फिरते, पण तिचं नाव कागदावर कुणी चढवलं नव्हतं! ते मी चढवायला लावलं. आमचे हे एरवी रेल्वेच्या गँगमधून आले की जेवतात आणि झोपतात, तेही त्या दिवशी सभेत बसून होते. ठराव मंजूर!

काम सुरू झालंय. उतार रुंद आहे, दोन्ही बाजूंना पाइपचे कठडे, थेट पाण्याच्या कडेपर्यंत. हौसराव तेवढे कुरकुरतात, "पानी काय एका जागी हुबं राहतं व्हय?" पण त्यांचं प्रत्येक बोलणं तक्रारीनंच सुरू होतं.

रविवार, ६ फेब्रुवारीला उद्घाटन आहे. प्रमुख पाहुणी कोण? राहेलबाई, शिरूर! पत्रिकेत नाव छापलंय, आता थापा चालायच्या नाहीत. पॉलला म्हणावं, टेम्पो घेऊन ये.

तुझी करुणा


शिरूर
२० जानेवारी २०००

करू,

येते.

पाहुणी वगैरे मला नको होतं, तुला माहीत आहे. हार नको, भाषण नको, स्पीकर तर नकोच, पक्षी बिचकतील. पण उतार केलास! माझ्यासाठी कुणी कधी दारातली पायरीसुद्धा फोडली नाही, आणि तू ग्रामपंचायत हलवलीस.

पॉलनं त्याच्या मित्राचा टेम्पो सांगून ठेवलाय. हातानं चालवायच्या माझ्या तीनचाकीला तेल घातलंय, ब्रेक बदललाय. हिरवी साडी नेसेन, पक्ष्यांना हिरव्याचं भय वाटत नाही असं मी आपलं ठरवून टाकलंय. काल गिऱ्हाइकाला मुंबईऐवजी नाशिक लावून दिलं. तो ओरडला आणि मी हसत बसले. एवढी आनंदात आहे.

राहेल


शिरूर
९ फेब्रुवारी २०००

प्रिय करुणा,

आम्ही सुखरूप पोचलो. कार्यक्रम फारच छान झाला. शाल उबदार आहे. आपल्या गावकऱ्यांनी जे प्रेम दिलं, त्याबद्दल सर्वांचे आभार. सरपंचांना आणि चहा करणाऱ्या बायकांना माझा सलाम सांगावा. सारजाआत्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, ते विसरणार नाही.

पेपरात फोटोही चांगला आला आहे.

बूथवर गर्दी आहे, इथेच थांबते.

राहेल


नवी डोहवाडी
२२ फेब्रुवारी २०००

राहेल,

तुझं आभाराचं पत्र मी अंगणवाडीत बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार दिवस तरंगत होते.

काल पेपरातलं कात्रण हातात पडलं. फोटो उजेडात नेऊन बघितला. तुझा चेहरा मला वाचता येत नाही असं तुला वाटलं का? बोर्डिंगमध्ये सहा वर्षं एका खोलीत राहिलोय आपण.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. सबंध काठावर सपाट जागा एकच, नव्या उताराच्या वरच्या तोंडाशी, म्हणून मांडववाल्यानं तिथंच मांडव घातला आणि व्यासपीठ ठोकलं. व्यासपीठाला चार पायऱ्या. तू खाली बसलेलीस आणि सरपंचांनी वरून खाली वाकून तुला शाल घातली. स्पीकर लागला. पोरांनी फटाक्यांची माळ लावली. तेव्हा मी वर होते, हातात कागद, तुझीच ओळख वाचून दाखवत होते. वाचता वाचता पाण्याकडे बघितलं, तर सगळा थवा उठून इंदापूरच्या बाजूला चाललेला. तरी मी वाचतच राहिले.

आणि उतार संपला तिथून पाणी चाळीस हात मागं गेलेलं. मध्ये नुसता चिखल. मी चहाकडे वळले तेवढ्यात चार पोरांनी तुला मांडवातल्या खुर्चीसकट खांद्यावर घेतलं. घोषणा दिल्या. मी लांबून बघितलं आणि मला, खरं सांगते, बरंच वाटलं. पोचली एकदाची पाण्यापर्यंत, असं वाटलं.

तू लिहिलं होतंस. खुर्चीसकट नाही, असं शब्दात लिहिलं होतंस. मग परवा खोटं का लिहिलंस? शिव्या द्यायच्या होत्यास मला.

करुणा


शिरूर
६ मार्च २०००

करुणा,

तू मागितल्यास म्हणून देते.

माझं पत्र तू तीनदा वाचलंस, पण त्यातला फक्त उतार वाचलास. मी बोलावणं मागितलं होतं, तू समारंभ दिलास. हार नको म्हटलं, शाल घातलीत. स्पीकर नको म्हटलं, फटाके लावलेत. त्या चार पोरांचा मला राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम तुझं होतं. तू मात्र चहा बघत होतीस.

खोटं यासाठी लिहिलं, की इतक्या लोकांनी इतक्या प्रेमानं केलं, त्यांना काय म्हणायचं? लोकांनी चांगुलपणानं उचललं की ओरडताही येत नाही. उलट हसावं लागतं. मी फोटोत हसतेय, नीट बघ.

आणि एक सांगते. हे कुणालाच सांगितलं नाही, पॉललासुद्धा. त्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं तेव्हा मी इतकी उंच गेले, की मांडवापलीकडचं सगळं पाणी मला दिसलं. लांब एक गुलाबी रेघ होती, निघून चाललेली. एक क्षण मला आनंद झाला. त्या आनंदाचीच मला जास्त चीड आली. अजून आहे.

काही दिवस पत्र लिहू नकोस.

राहेल


नवी डोहवाडी
२८ डिसेंबर २०००

प्रिय राहेल,

काही दिवस म्हणालीस, मी साडेनऊ महिने थांबले. पक्षी पंधरा दिवसांपूर्वीच आलेत. ते कसे दिसतात, हे यंदा लिहीत नाही.

वैशाखात एक गोष्ट बघितली, ती तेवढी सांगते. उन्हाळ्यात होड्यांना डांबर लावतात, त्यासाठी त्या कोरड्यावर ओढून घेतात. खाली बाभळीचे गोल ओंडके टाकायचे, दोघांनी ढकलायचं, की होडी सरकत येते. हौसरावांची होडी त्यांच्या अंगणापर्यंत आली होती. डांबर वाळल्यावर सकाळी बघते, तर धुरपदाबाई सरकत सरकत अंगणातून होडीपाशी गेल्या, कडेवर हात टेकले, आत बसल्या. मग हौसराव आणि त्यांच्या भावानं होडी ओंडक्यांवरून ढकलत त्यांच्यासकट पाण्यात सोडली. दर वर्षीचं आहे म्हणे. आईला फिरवून आणतात. माझ्या दारापासून शंभर पावलांवर हे चालतं, आणि मी ग्रामसभा गाजवत होते.

मी विचारलं, "मामा, हे तवा का न्हाई सांगितलं?" तर म्हणाले, "इचारलं कुनी? बाईला होडीपर्यंत न्यायाचा खटाटोप कशाला? होडीच बाईकडं आनायची."

बुधवारी १७ जानेवारीला त्यांनी होडी गाडीवाटेपर्यंत ओढून ठेवायचं कबूल केलंय. सुट्टीचा दिवस नाही, पुण्याची माणसं नसतील. हौसराव आणि त्यांचा भाऊ, दोघंच. ते न सांगता हात लावणार नाहीत, मी त्यांच्याकडून वचन घेतलंय. गावात कुणाला बोलले नाही.

आणि मी नसेन. त्या आठवड्यात मी कोरेगाव भीमाला माहेरी जातेय. मी असले की मिरवणूक होते, हे आता मला कळलंय. तू ये, बघ, जा. मला कळवायचंही बंधन नाही.

करुणा


शिरूर
१८ जानेवारी २००१

करू,

काल जाऊन आले.

टेम्पो गाडीवाटेवर थांबला. होडी खरंच तिथं होती, कोरड्या जमिनीवर, ओंडक्यांवर, तीनचाकीच्या सीटएवढ्या उंचीला. तुझ्या उतारावर जाळी वाळत घातली होती, छान उपयोग होतोय. मी तीनचाकी होडीला भिडवली, कॅलिपरचे गुडघ्यावरचे खटके सोडले, कडेवर बसले आणि हातांनी एकेक पाय उचलून आत घेतला. दहा मिनिटं लागली असतील. पॉल पुढं यायला लागला तर हौसरावांनीच त्याला अडवलं आणि स्वतः पाठ करून तंबाखू मळत बसले. "झालं का बाई?" एवढंच विचारलं. "झालं," म्हटलं. मग दोघांनी ढकललं. खाली ओंडके कडकडत होते, मी दोन्ही कडा धरल्या होत्या, आणि एकाएकी कडकड थांबली. पाण्यानं होडी घेतली. मी रडले. हौसरावांनी बघितलं नसावं, किंवा बघितलं असेल.

एकदाही तोल गेला नाही. घाबरलेसुद्धा नाही. जन्मभर मी हातांवर चालतेय, पाण्यात हातांचंच काम असतं. परत येताना थोडा वेळ मी वल्हवलं! हौसराव म्हणाले, "दंडात जोर हाय बाईच्या." छत्तीस वर्षांत माझ्या अंगाबद्दल कुणी असं काही बोललं नव्हतं.

पक्षी बघितले. किती बघितले, ते सांगणार नाही. पण एक विचारायचंय. तू लिहायचीस, जवळ गेलं की आवाज नाही. करू, तिथं बाजार भरलेला असतो! शेकडो बदकं एकदम भांडावीत तसा कलकलाट. आणि चिखलाचा उग्र वास, तो तर तू कधीच लिहिला नाहीस. मी हौसरावांना विचारलं, करुणाबाई होडीत कुठं बसतात? ते हसायलाच लागले. "त्या? त्या कवा बसल्या होडीत! त्यांच्या घरचं कुनीच पान्यावर येत न्हाई."

सोळा वर्षं तू कुणाच्या डोळ्यांनी बघून मला लिहीत होतीस? मी चिडलेली नाही. काल सबंध वेळ माझ्यासमोर होडीत एक फळी रिकामी होती आणि मला सारखं वाटत होतं, इथं तू बसायला हवी होतीस. इतकं सगळं समोर आणि सांगायला कुणी नाही. खरं ते लिही.

राहेल


नवी डोहवाडी
२४ जानेवारी २००१

राहेल,

पकडलंस शेवटी.

मी कधी बसले नाही होडीत. काठावर बायकांबरोबर धुणं धुते, तिथून दिसतात तेवढेच बघते. बाकीचं हौसराव सांगतात, पुण्याची माणसं चहा पिताना बोलतात, ते मी साठवते आणि तुला लिहिते. एवढ्या लांबून आवाज येत नाही. वासही नाही.

तू आत्ता जिच्यावरून फिरून आलीस ती जुनी डोहवाडी. धरणात गेली ती. आमच्या घरची चूल तिथं खाली आहे. पाणी चढलं तेव्हा आत्याबाई शेवटपर्यंत निघत नव्हत्या. निघाल्या तेव्हा चूल सारवून, तिच्यावर रिकामा तवा ठेवून निघाल्या. तेव्हापासून या घरातलं कुणी पाण्यावर जात नाही. मी नवी नवी होते तेव्हा एकदा हौसेनं विचारलं, जाऊ का म्हणून. त्या म्हणाल्या, "खाली आपली चूल हाय. चुलीवरनं कोन होडी हाकतं का?" त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. त्या ओरडल्या नाहीत गं, रडायला लागल्या. पुन्हा विषय काढला नाही. आमचे हेसुद्धा कधी गेले नाहीत.

पण त्या एकदा असंही म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच्या अडीनडीला गेलं, तर चूलबी काय म्हनत न्हाई." पुरात माणसं काढायला आमचे सासरे होडीतून गेले होते, त्यावरून.

आता मनातलं सगळं सांगते. दर वर्षी मी तुला बोलावत होते ते तुझ्यासाठी, आणि माझ्यासाठीही. मला वाटायचं, तू आलीस की तुला धरायला कुणीतरी लागेल. आत्याबाईंना सांगता येईल, मैत्रीण अधू आहे, तिला धरायला जाते. त्या नाही म्हणाल्या नसत्या. तू लिहिलंस ना, कुणी हात लावायचा नाही, तेव्हा मला वाईट वाटलं ते तुझ्यासाठी नव्हतं. माझी जायची वाटच बंद झाली होती. म्हणून तर उताराच्या मागं एवढी लागले. सरळ काही जमेना, मग धडपड केली.

आता तू जाऊन आलीस. माझी आशा संपली म्हणायचं. बरं वाटतंय आणि वाटत नाहीये. मला विचारशील तर अजूनही रोज धुणं धुताना हात थांबतात.

तुझी करुणा


शिरूर
१ फेब्रुवारी २००१

करू,

सोबतचं पत्र सारजाआत्यांना मोठ्यानं वाचून दाखव. एक शब्द बदलायचा नाही.

राहेल


आदरणीय सारजामावशी,

शिरूरच्या राहेलचा सलाम. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून करुणा वाचून दाखवेल.

मावशी, तुमच्याकडे एक मागणं आहे. पक्षी परत जायच्या आधी मला पुन्हा एकदा पाण्यावर जायचंय. मागच्या खेपेला मी एकटी गेले. लोक म्हणतात, बाईला जमलं. जमलं नाही, मावशी. माझे पाय टेकत नाहीत. होडी हलली की माझा तोल जातो. कडा धरून धरून हात भरून आले आणि मला फार भीती वाटली. हौसरावांना वल्ही सोडता येत नाहीत, आणि परक्या पुरुषानं मला धरावं हे बरं नाही. मला बाईमाणूस पाहिजे, माझ्या सवयीचं. बोर्डिंगमध्ये सहा वर्षं करुणाच माझ्याजवळ होती. तिच्याइतकं मला कुणी सांभाळलेलं नाही.

खाली तुमची चूल आहे, हे मला कळलं. त्या दिवशी तुम्ही काठावर येऊन बसा आणि कुठं आहे ते हात करून दाखवा. हौसराव तेवढी जागा सोडून होडी लांबून नेतील, करुणा त्यांना तसं सांगेल.

मी लंगडी बाई आहे, मावशी. मला धरावं लागतं. तुमच्या सुनेला माझ्याबरोबर पाठवा. तिनं धरल्याशिवाय मला होडीत बसता येणार नाही.

तुमची,
राहेल